हाकारीण

दिवा तुमच्या बाजूला सरकवते. वीज काही आता सकाळपर्यंत येत नाही, आणि बाहेरचं धुकं पाहता तुमची बोटही उद्यावरच गेली म्हणायची. धक्क्यावर कुणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल, की या घरी धुक्याची एक गोष्ट आहे आणि ती ऐकल्याशिवाय उठायचं नाही. विचारलंत ते बरं केलंत. मला ती सांगायला आवडते, कारण तिच्यात जिंकते ती मी. फक्त जरा हळू बोलते, सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या आहेत.

त्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले होते ती बोटीच्या छताची दोरी आणायला. जुनी दोरी कुजली होती आणि ताडपत्री वाऱ्यावर फडफडून प्रवाशांच्या अंगावर पाणी उडवत होती. दोरी घेतली, सासूबाईंच्या गुडघ्याचं मलम घेतलं आणि धक्क्यावर आले, तर सासूबाई स्वतःच तिकीटखिडकीशी बसलेल्या.

"घरी बसून गुडघा काही बरा होत नाही," त्या म्हणाल्या. "आज मीपण येते. किती दिवसांत किल्ला पाहिला नाही."

सासूबाईंना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी त्यांना पुढच्या बाकावर, माझ्या उभं राहायच्या जागेला लागूनच बसवलं.

आमचा धंदा सोपा आहे. धक्क्यावरून निघायचं, जुन्या दीपगृहाला वळसा घालायचा, खाडीच्या तोंडाशी जो किल्ला उभा आहे त्याच्या भिंतीखालून जायचं आणि पलीकडच्या मोकळ्या समुद्राने परत यायचं. नवरा बोट चालवतो. मी बोटीच्या टोकाला, नाळेवर, माईक घेऊन उभी राहते आणि किल्ल्याचा इतिहास सांगते. लोकांना वाटतं, हिचं काम नुसतं बडबडीचं. मला लोकांना ते वाटू द्यायला आवडायचं.

खरी गोष्ट अशी, की नवऱ्याची केबिन मागच्या बाजूला आहे आणि बुटकी आहे. माणसं बसलेली असली तर त्याला समोरचं दिसतं. पण किल्ला आला की बसतंय कोण? सगळे उभे, हात वर, फोटो. मग त्याला समुद्र दिसत नाही, लोकांच्या पाठी दिसतात. आणि नेमकी तिथेच वाट अवघड. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कातळाची रांग, मध्ये वळणावळणाची चिंचोळी वाट. कातळांवर लाल रंगाचे लोखंडी खांब रोवलेले आहेत, तेवढ्याच खुणा.

तेव्हा आम्ही दोघांनी एक युक्ती बसवली होती. माझ्या भाषणातली काही वाक्यं प्रवाशांसाठी नव्हतीच. पहिला लाल खांब नाळेला लागून आला की मी म्हणायचे, "आता सगळ्यांनी उजवीकडे पाहा, हा किल्ल्याचा पाण्यातला दरवाजा." प्रवासी उजवीकडे पाहायचे आणि नवरा सुकाणू उजवीकडे वळवायचा. पुढे "डावीकडे हा फुटका बुरूज" म्हटलं की बोट डावीकडे. आणि शेवटचा खांब मागे पडला की "पुढे बघा, मोकळा समुद्र," म्हणजे इंजिन पूर्ण सोड. ही वाक्यं मी कधी बदलली नाहीत. शब्द तोच, सूर तोच, वर्षानुवर्षं, त्याच पाण्यावर, त्याच भिंतीखाली. आमच्यासारखी बोट सगळ्या धक्क्यावर कुणी चालवत नव्हतं, आणि आम्हाला त्याची बऱ्यापैकी घमेंड होती.

भिंतीखाली आल्यावर मी हाकारिणीची गोष्ट सांगायचे. लोकांची ती सगळ्यात आवडती. लढायांच्या काळात शत्रूची गलबतं धुक्याचा फायदा घेऊन आत शिरायची. धुक्यात तोफांचा काय उपयोग? म्हणून किल्ल्यातल्या एका बाईला भिंतीतल्या सगळ्यात खालच्या खिडकीत, अगदी पाण्याला लागून, बसवलं होतं; हीच ती हाकारीण, हाका देणारी. एकदा ऐकलेला आवाज तिला हुबेहूब काढता यायचा. गलबतावरून कप्तान ओरडला, डावीकडे घ्या, की ही खालून त्याच्याच आवाजात सांगायची, उजवीकडे घ्या. गलबतं एकामागून एक कातळावर चढायची. किल्ला कधीच पडला नाही. पुढे लढाया संपल्या, किल्लेदार गेले, शिपाई गेले. पण तिला खाली जाऊन 'आता पुरे' असं सांगायचं मात्र सगळेच विसरले, असं म्हणतात. इथे मी थोडं थांबायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे.

त्या दिवशी दुपार लख्ख होती. आम्ही भिंतीखालच्या वाटेत शिरलो तेव्हा तटावरचं गवतसुद्धा काडी-काडी वेगळं दिसत होतं. बाकांवर नेहमीचीच माणसं. एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांच्या बाई, बहिणी-बहिणींचा पोराबाळांसकट एक गोतावळा, आणि एक नवं जोडपं, ज्यांना किल्ल्यात काडीचा रस नव्हता. मी हाकारिणीची गोष्ट संपवली, टाळ्या झाल्या, आणि धुकं आलं.

आलं म्हणजे कुठून चालत आलं असं नाही. भिंतीच्या पायाशी, पाण्याला लागून ते बसलेलंच होतं आणि आता फक्त उठून उभं राहिलं. आधी खांब गेले. मग भिंत गेली. मग आमची नाळ कुठे संपते तेही दिसेना. ऊन गेलं आणि एकदम वास आला... ओल्या चुन्याचा, आणि नुकत्याच विझलेल्या वातीचा. पोरं आपोआप गप्प झाली. इंजिनाचा आवाजसुद्धा कुणी रजईत गुंडाळल्यासारखा दबला.

थांबता येत नव्हतं. ओहोटी लागली होती. त्या वाटेत नांगर टाकून बसलो असतो तर पाणी उतरत गेलं असतं, बोट कातळावर कलली असती आणि पोटातून फुटली असती. मागे फिरायला रुंदी नाही, पोहून जावं तर कातळ सुरीसारखे. पुढेच जायचं होतं, अगदी सावकाश, आणि वाट फक्त मी सांगू शकत होते, कारण टोकावरून खांब वीतभर का होईना आधी मला दिसणार होते. पोराबाळांसकट बोटीतला प्रत्येक जीव माझ्या जिभेवर आला होता.

नवऱ्याने एकदा भोंगा दिला. याचा अर्थ, तू बोल, मी ऐकतोय.

मी माईक तोंडाशी धरला, नाळेवर ओणवी झाले आणि डोळ्यांत तेल घालून पहिला खांब शोधू लागले. खांब आला नव्हता. मी तोंड उघडलं नव्हतं. आणि स्पीकरमधून माझा आवाज आला.

"आता सगळ्यांनी उजवीकडे पाहा... हा किल्ल्याचा पाण्यातला दरवाजा..."

बोट वळायला लागली.

सासूबाई माझ्या तोंडाकडेच बघत होत्या, आणि ते मिटलेलं होतं हे त्यांनीही पाहिलं.

"नको, डावीकडे घे, डावीकडे," मी माईकमध्ये ओरडले. बोट तिरकी झाली आणि तळाखालून एक लांबच लांब खरखर गेली. एक पोर रडायला लागलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "टेप लावलीय वाटतं."

मी माईकचं बटण बंद केलं. बटणावरचा दिवा विझला.

"डावीकडे हा फुटका बुरूज," माझा आवाज स्पीकरमधून म्हणाला. शांतपणे. माझ्यापेक्षा जरा जास्तच गोड. दिवसाच्या तिसऱ्या फेरीला मी इतकी गोड कधीच नसते.

खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली. ओरडून सांगावं तर मध्ये इंजिन, आणि स्पीकर नेमका नवऱ्याच्या डोक्यावर. स्पीकरची वायर तोडावी तर माझंही त्याला ऐकू जाणार नाही. माणसांची साखळी करून निरोप पाठवावा तर तो पोचेपर्यंत बोट खांबावर. आणि माझा आवाज बोलतच होता, एका वाक्यामागून दुसरं, मी जिथे श्वास घेते तिथेच श्वास घेत. त्याला बिचाऱ्याला काय कळणार, यातली बायको कोणती?

मग मला राग आला. माझा आवाज, माझी वाक्यं, माझा नवरा, आणि मध्ये बोलणारी ही कोण? माझा राग घरात सगळ्यांना माहीत आहे. तो आला की मला सुचायला लागतं. मी विचार केला, हिला काय येतं? या पाण्यावर मी आजवर जे बोलले ते सगळं येतं. मग या पाण्यावर मी कधीच बोलले नाही असं काय आहे?

घर. घरातलं मी बोटीवर कधी चकार शब्द बोलले नव्हते. सासूबाईंचा कडक नियम होता, घरचं घरी. आणि त्या सासूबाई आज माझ्यासमोर हातभर अंतरावर बसल्या होत्या.

मी पोस्टमनकाकांना जवळ ओढलं आणि त्यांच्या कानात, अगदी तोंड लावून सांगितलं, "काका, कप्तानाला सांगा, नेहमीचं काही ऐकू नको. घरातली नवी गोष्ट ऐकू आली, की तिच्या पाठोपाठ जे सांगेन तेवढंच माझं. एकदा ऐकलेली गोष्ट पुन्हा आली, तर ती मी नाही."

"तुम्ही नाही... मग कोण?" काकांनी विचारलं.

"ते उतरल्यावर."

आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं न उघडता पोचवलेला माणूस तो. पुढे एक अक्षर विचारलं नाही. बाक धरधरून धुक्यात मागे गेला.

तो दिसेनासा झाला तोच माझा आवाज म्हणाला, "पुढे बघा... मोकळा समुद्र."

इंजिन गरजलं. बोटीने एकदम उडी घेतली, माणसं एकमेकांवर पडली. मी नाळ घट्ट धरली आणि डोळे मिटले, हे कबूल करते. मग इंजिनाचा आवाज पुन्हा उतरला, उतरत उतरत अगदी हळू झाला, आणि मागून भोंगा वाजला. तुटक, दोनदा. समजलं, असा.

मी माईकचं बटण सुरू केलं.

"मंडळी," मी म्हणाले, आणि माझा आवाज कापला, "ज्यांना तुम्ही कप्तान म्हणता... त्यांना घरी भोपळ्या म्हणतात."

मग रडणारं ते पोर फिसकन हसलं.

"अगं..." सासूबाई म्हणाल्या.

"लहानपणी ते इतके गोल होते, की कडेवर घेणाऱ्या मावशीचा खांदा निखळला होता." धुक्यातून लाल खांब वर आला, नाळेच्या अगदी तोंडाशी. "आता उजवीकडे."

बोट उजवीकडे वळली. खांब हाताच्या अंतरावरून मागे गेला, त्याच्यावरचे शिंपले मला मोजता आले असते.

लगेच स्पीकरमधून आलं, "ज्यांना तुम्ही कप्तान म्हणता... त्यांना घरी भोपळ्या म्हणतात... आता उजवीकडे."

बोट हलली नाही. सरळ, सावकाश, जशी होती तशी पुढे जात राहिली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मनात म्हटलं, शाबास रे भोपळ्या.

मग मी सुटलेच. "हा माणूस या खाडीत डोळे मिटून बोट फिरवतो. पण आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आला तेव्हा आमच्याच गल्लीत हरवला. शेजाऱ्यांकडे जाऊन बसला. चहा प्यायला. त्यांच्या आजोबांशी राजकारणावर बोलला. बऱ्याच वेळाने लाजत विचारलं, मुलगी कुठे आहे? ते म्हणाले, आमच्याकडे मुलगी नाही, मांजर आहे. आता थोडं डावीकडे... बस."

लोक हसायला लागले. धुक्यात हसू फार जवळून ऐकू येतं. जो तो शेजारच्याचा हात धरून हसत होता, आणि मी वाकून पाणी बघत होते, घामाने माईक हातातून निसटत होता.

"मांजर आहे," माझा आवाज म्हणाला. "आता थोडं डावीकडे... बस." पण आता तो अडखळत होता. पाठ न झालेल्या मुलासारखा, मागे मागे राहत होता.

तोच माझ्या हातातून माईक खेचला गेला. मला वाटलं, संपलं. पण त्या सासूबाई होत्या.

"शेजारी नव्हे, समोरचे," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "सांगायचं तर नीट सांगावं. आणि चहा नाही, सरबत. परत आला तेव्हा शर्टावर डाग होता, मीच धुतला."

"आई, चहाच होता."

"तू होतीस का तिथे? तू तर खिडकीत उभी राहून वाट बघत होतीस. ते पण सांग की सगळ्यांना."

"मी अजिबात वाट बघत नव्हते. पुढे खांब... उजवीकडे, आणखी उजवीकडे."

"बघत होती," सासूबाईंनी बोटीला सांगितलं. "हिच्या आईने मला नंतर सांगितलं. खिडकीतलं झाड हिने पानं तोडतोडून बोडकं केलं होतं."

आईने हे यांना सांगितलं होतं, ते मलाच माहीत नव्हतं. आता भांडायला माझ्याकडे खरोखरचं कारण होतं. आम्ही दोघी त्या एका माईकवर डोकी लावून भांडलो, अशा भांडलो की स्वयंपाकघरातसुद्धा कधी भांडलो नव्हतो, आणि दर दुसऱ्या वाक्याला मी मध्येच डावीकडे, उजवीकडे सांगत होते, आणि मागून भोंगा मान डोलावल्यासारखा वाजत होता. स्पीकरमधल्या आवाजाची पार त्रेधा उडाली. माझं वाक्य धरावं तर सासूबाईंचं सुटत होतं. शेवटी त्याने सासूबाईंचा आवाज काढला.

"बाळा," सासूबाईंच्या आवाजात स्पीकर म्हणाला, मायेने, "उजवीकडे वळ, बाळा."

सासूबाईंचे ओठ मिटलेले सगळ्यांनी पाहिले होते. आता टेप लावलीय, असं कुणी म्हणालं नाही. नव्या जोडप्यातल्या मुलीने तोंडावर हात ठेवला.

सासूबाई पांढऱ्या पडल्या. पण त्यांनी माईक सोडला नाही. "मी याला," त्या सावकाश म्हणाल्या, "जन्मात कधी बाळा म्हटलेलं नाही."

मागून भोंगा इतका जोरात वाजला की सगळी बोट हसली. भीतीनेच हसली, पण हसली. पोस्टमनकाकांचं हसणं त्यात सगळ्यांत मोठं होतं.

शेवटचं वळण भिंतीला खेटून आहे. तिथे धुकं जरासं विरळ झालं आणि मला ती खिडकी दिसली. रोज दिसते, ओहोटीला पाण्याबाहेर येते. आत काही नव्हतं, नुसता अंधार. तिची दगडी कड मात्र दोन ठिकाणी गुळगुळीत झिजली होती, कोपर टेकून कुणी खूप वर्षं बसलं की झिजेल तशी. हे मी रोज भिंतीखालून जाऊन कधी पाहिलं नव्हतं. विझलेल्या वातीचा वास तिथूनच येत होता.

आणि मग स्पीकरमधून नाही, तर त्या अंधारातून आवाज आला. तो माझा नव्हता. सासूबाईंचाही नव्हता. कुणाचाच नसलेला, न वापरून गंजलेला एक आवाज.

"मग?"

मी माईक खाली केला.

"मग... पुढे काय झालं?"

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला तिची कीव आली. सगळ्यांच्या हाका तिला हुबेहूब काढता येत होत्या, पण तिला कुणी गोष्ट सांगितलेली नव्हती. तिला खरोखरच पुढचं ऐकायचं होतं. मी सांगत बसले असते तर आम्ही तिथेच राहिलो असतो, हेही मला तितकंच स्पष्ट कळलं. शेवटचा लाल खांब माझ्या उजव्या हाताला आला. मी माईक दोन्ही हातांनी धरला.

"राहिलेलं आता घरी," मी म्हणाले. "भोपळ्या, त्या दिवशी खिडकीत मी तुझीच वाट बघत होते. पुढे बघा, मोकळा समुद्र."

वाक्य जुनं होतं, पण त्याच्या आधीची कबुली मी कुणालाच दिली नव्हती. त्यालासुद्धा नाही.

इंजिन सुटलं. बोट धुक्यातून बाहेर पडली ती थेट उन्हात. सूर्य जिथे होता तिथेच होता, दुपार अजून सरलीही नव्हती. सगळ्यांनी एकदम ओरडायला सुरुवात केली, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, बहिणींच्या गोतावळ्याने सासूबाईंना मध्ये घेतलं. नवऱ्याने भोंग्याच्या दोरीला जो हात घातला तो धक्का येईपर्यंत काढला नाही. धक्क्यावर सगळे कोळी, हमाल, चहावाले धावत आले होते, त्यांना वाटलं बोटीला आग लागली.

नवरा केबिनमधून बाहेर आला. एवढ्या लोकांसमोर त्याने मला मिठी मारली, जे त्याने लग्नातही केलं नव्हतं, आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर, "मांजरीचं सांगायची काय गरज होती?"

त्या दिवसापासून आम्ही राजे झालो म्हणा ना. गोष्ट धक्क्यावरून गावात आणि गावातून कुठे कुठे गेली. लोक आमच्याच बोटीसाठी थांबायला लागले. मी जुनं भाषण टाकून दिलं. आता एकही फेरी दुसरीसारखी नसते. रोज काहीतरी नवं सांगते, घरातलं, दारातलं, काल काय करपलं आणि कोण कुणावर रुसलं. लोक इतिहास ऐकायला येतात आणि आमच्या घराचे होऊन जातात. धक्क्यावरची पोरं नवऱ्याला भोपळ्या म्हणून हाक मारतात, तो चिडत नाही. सासूबाई तर इतक्या रंगायच्या, की त्यांची सही मागणारे भेटले. त्यानंतर धुक्यात आम्ही आणखीही सापडलो, आणि दरवेळी हसत बाहेर आलो. आमच्या बोटीचा तळ पुन्हा कातळाला लागलेला नाही. भिंतीखाली मी आता मान वर करून बोलते.

नाही, एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. स्वच्छ ऊन, समुद्र शांत. सासूबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून त्या घरी होत्या, माईकवर मी एकटीच होते. फेरी छान झाली. उतरताना एका बाईने माझा हात हातात घेतला. तिचे डोळे ओले होते.

"तुमच्या सासूबाई त्या भिंतीखाली किती मोकळेपणी बोलल्या हो," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पिशवी भरून पहाटे धक्क्यावर निघून आल्या, आणि नाव सुटलेली बघून परत गेल्या... माझ्या आईची आठवण झाली मला."

मी हसले. त्या बाईचा काहीतरी गोंधळ झालाय, असं धरून चालले. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, त्याने माझ्याशिवाय कुणाचाच आवाज ऐकला नाही.

संध्याकाळी घरी आले. सासूबाई इथेच, तुम्ही बसलात त्या खुर्चीत मटार सोलत होत्या. मी त्यांना गंमत म्हणून ते सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"हे मी तुझ्या सासऱ्यांनाही कधी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी दिवा लावला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता, अगदी हळू विचारलं, "नाव सुटल्यावर त्या पहाटे मला धक्क्यावर कोण भेटलं होतं... तेही सांगितलं का त्या हाकारिणीने?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी मटाराची पुढची शेंग उचलली.

"सांगेल," त्या म्हणाल्या.